वास्तव्याच्या वर्षांचा हक्क

पेशवाईच्या काळी दख्खनच्या खेड्यांतून जमीन कसणारांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत असेपर्यंत तिच्यावरून त्याला कोणी बेदखल करू शकत नसे, आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी हा बाहेरून आलेला, सरकारी जमीन मुदतीच्या कौलावर कसणारा, मेहनतीत मिरासदाराहून तिळभर कमी नसलेला, परंतु मुदत सरली की ज्याचा त्या मातीशी कायद्याने काही संबंध उरत नसे असा. ओसाड मुलूख लागवडीस आणावयाचा असला म्हणजे सरकार त्याला इस्ताव्याचा कौल देई. पहिली काही वर्षे सारा नाममात्र, पुढे तो क्रमाक्रमाने वाढत पूर्ण आकारास पोचे. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ साली लिहिलेल्या अहवालात या दोन्ही वर्गांचे वर्णन सापडते. आजच्या दुबई शहरात जे लाखो सुशिक्षित परदेशस्थ आपल्या उमेदीची वर्षे वेचीत आहेत, त्यांच्या स्थितीचे इतके यथार्थ प्रतिरूप मला अन्यत्र दिसत नाही. आणि त्यांत पुण्यामुंबईचे, सांगली-कोल्हापूरचे, नागपूरचे अभियंते, चार्टर्ड अकाउंटंट, डॉक्टर, बँकांतील अधिकारी व विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ इतके आहेत की मराठी वाचकाने हा प्रश्न परका मानू नये.

दुबई हे मुळातच बाहेरून आलेल्यांनी मोठे केलेले गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणने आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत जकातीचा जाच वाढविला, तेव्हा दुबईचे त्या वेळचे अधिपती शेख मक्तूम बिन हशर यांनी आपल्या बंदरातील जकात उठवून लिंगे येथील व्यापाऱ्यांना आश्रय दिला. त्यांपैकी बस्तक प्रांतातून आलेल्यांनी खाडीच्या काठी वारा खाली ओढून घेणाऱ्या मनोऱ्यांची जी घरे बांधली, त्यांपैकी काही बस्तकिया या जुन्या नावाच्या वस्तीत आजही उभी आहेत, आणि त्या परक्या व्यापाऱ्यांचे अनेक वंशज आज संयुक्त अरब अमिरातीचे नागरिक आहेत. मुंबईशी या किनाऱ्याचे नाते तर फारच जवळचे. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येऊन विकले जात. आखाताचा कारभार पाहणारा बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीखाली होता. १९०९ साली दुबईत जे पहिले टपालघर उघडले ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे होते. आणि १९६६ पर्यंत तेथील बाजारात रुपयाच चाले, शेवटली सात वर्षे खास आखातासाठी छापलेला. त्याच १९६६ साली समुद्रात तेल सापडले. दोन वर्षांनी झालेल्या खानेसुमारीत दुबईची वस्ती सुमारे ५९,००० भरली होती. आज ती ३८ लाखांच्या पुढे आहे, आणि तीत तेथील नागरिक दहांतील जेमतेम एक असावा. १९७९ साली जबल अलीचे बंदर सुरू झाले, १९८५ साली त्याला लागून मुक्त व्यापारक्षेत्र निघाले, त्याच वर्षी एमिरेट्स ही विमान कंपनी उभी राहिली, आणि या प्रत्येक उभारणीत आराखडे काढणारे, हिशेब ठेवणारे, यंत्रे चालविणारे हात बहुतांशी बाहेरचे होते. पगारावर आयकर नाही ही तेथील सनद म्हणजे पूर्ण आकारास कधीच न पोचणारा इस्तावा होय. तो उदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. फक्त त्याच्या पोटी मिरास कधी जन्मत नाही.

या व्यवस्थेचे रोजचे स्वरूप बाहेरच्याला सहसा ठाऊक नसते. सर्वसाधारण नोकरदाराचा राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला, आणि बायकामुलांचा परवाना त्याच्या परवान्याला बांधलेला. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि मग देश सोडण्यासाठी वा दुसरी नोकरी शोधण्यासाठी पूर्वी तीस दिवसांची मुदत मिळे. २०२२ च्या सुधारणांनी ती वर्गपरत्वे साठ ते एकशेऐंशी दिवस झाली, ही गोष्ट खरोखरीच स्वागतार्ह आहे. घरभाडे वर्षाचे ठरते आणि त्याचे पुढील तारखांचे धनादेश आगाऊ लिहून द्यावे लागतात. खात्यात पैसे नसल्यामुळे न वटलेला असा धनादेश २०२२ च्या आरंभापर्यंत फौजदारी गुन्ह्याचा विषय होता, आणि २००८-०९ च्या मंदीत नोकरी गमावलेल्या अनेकांनी विमानतळावर मोटारी सोडून जो मायदेश गाठला, त्यामागे कर्जाइतकीच तुरुंगाची भीती होती. निवृत्तिवेतन नाही, त्याऐवजी सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे व नंतर दरवर्षी तीस दिवसांचे मूळ वेतन, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनाहून अधिक नाही. मूळ वेतन हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण घरभाडे व प्रवास यांचे भत्ते त्यातून वगळलेले असतात. तेव्हा पंचवीस वर्षे एका कचेरीत काढलेल्या माणसाच्या हाती निरोपाच्या दिवशी जे पडते, ते त्याच्या वृद्धपणाला पुरेल अशी खात्री कोणी देऊ नये.

आणि मुले? ती तेथेच जन्मतात, केंद्रीय शिक्षण मंडळाच्या भारतीय शाळांतून तेथेच शिकतात, सुटीत आजीकडे येऊन पंधरा दिवसांनी आपल्या घरी जावयाचे म्हणून हट्ट धरतात, आणि ते घर म्हणजे करामातील वा बर दुबईतील भाड्याची सदनिका असते. जन्माने तेथील कोणताही हक्क त्यांना मिळत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शिक्षण चालू असल्याखेरीज बापाच्या जामिनावर राहणे पूर्वी कठीण होई. आता अविवाहित मुलासाठी ती मर्यादा पंचवीस वर्षांची झाली आहे. आपल्या देशातील काही अभियांत्रिकी संस्थांत आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात, ही गोष्टच सांगते की या मुलांचे पुढले पाऊल परतीचे असणार हे दोन्ही सरकारांनी गृहीत धरलेले आहे. ज्या गावी ते कधी राहिलेच नाहीत त्या गावी परतण्याचे.

अशा स्थितीत माणूस आपले आयुष्यच पुढे ढकलू लागतो, आणि माझ्या मते या कौलाची सर्वांत जबर किंमत ती आहे. कोथरूडला किंवा ठाण्याला सदनिका घेतलेली असते, तिचे हप्ते वर्षानुवर्षे दिरहममधून फिटत असतात, तिच्या खिडक्या वर्षातून एकदा उघडतात. आईबापांची शुश्रूषा शेजाऱ्यांच्या आणि पगारी माणसांच्या हवाली असते. आणि दुबईत तीस वर्षे काढूनही अरबी भाषेत चार वाक्ये बोलण्याइतकी ओळख करून घेण्याची निकड कधी वाटलेली नसते, कारण दोन वर्षांत परत जावयाचे असे प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी ठरलेले असते. या वृत्तीबद्दल त्या माणसांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या परवान्यावर समाप्तीची तारीख छापलेली आहे, त्याने त्या गावाचे वाचनालय, तेथील इतिहास, तेथील शेजार यांत मन गुंतवावे अशी अपेक्षा करण्यापूर्वी गावाने त्याला काही आश्वासन द्यावयास हवे. रहिवाशाची निष्ठा ही त्याच्या सुरक्षिततेच्या पाठोपाठ येते.

गेल्या काही वर्षांत अमिरातीच्या राज्यकर्त्यांच्या हे ध्यानी आलेले दिसते. २०१९ पासून तेथे दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा देण्यात येतो, आणि तो नोकरीला बांधलेला नाही. पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांसाठी वेगळा परवाना आहे. २०२३ पासून बेकारीच्या विम्याखाली नोकरी गेलेल्याला तीन महिन्यांपर्यंत मूळ वेतनाचा साठ टक्के भाग ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. आणि दुबईतील आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रात २०२० पासून ग्रॅच्युइटीच्या जागी दरमहा जमा होणाऱ्या बचतीची योजना लागू झाली आहे. हे सर्व खरे, आणि प्रशंसनीयही. तथापि गोल्डन व्हिसाच्या अटी वाचल्या म्हणजे त्याच्या मुळाशी कोणते तत्त्व आहे ते स्पष्ट होते: वीस लाख दिरहमांची स्थावर मालमत्ता, किंवा पदवी, उच्च श्रेणीचे पद आणि दरमहा सुमारे तीस हजार दिरहमांचे वेतन, किंवा विशेष गुणवत्तेची मान्यता. म्हणजे माणसाने त्या शहराला किती वर्षे दिली हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. आज त्याच्यापाशी किती आहे, एवढेच विचारले जाते.

माझे म्हणणे असे आहे की दीर्घ व निर्दोष वास्तव्य हाच निवासाच्या हक्काचा पाया मानावयास हवा. ज्याने पंधरा वर्षे कायदा पाळून, श्रम करून एखाद्या शहरात काढली, त्याला नोकरीवर अवलंबून नसलेला निवासाचा परवाना मिळावा, आणि त्याच्या तेथेच जन्मलेल्या मुलांना तो मागण्याचा हक्क असावा. हे तत्त्व त्या देशाला अगदी अपरिचितही नाही. १९७२ च्या तेथील नागरिकत्वाच्या कायद्यातच अरबेतर माणसाच्या बाबतीत तीस वर्षांच्या वास्तव्याचा आणि अरबी भाषेच्या ज्ञानाचा उल्लेख आलेला आहे, मग व्यवहारात तो दरवाजा कितीही क्वचित उघडलेला असो.

आणि या तत्त्वाची कसोटी उच्च पदस्थांपाशी लागत नाही. आपला अभियंता आणि त्याच्याच मनोऱ्यावर लोखंड बांधणारा मजूर हे एकाच परवान्याच्या व्यवस्थेखाली राहतात, फक्त चार हजार दिरहमांच्या आसपासच्या वेतनमर्यादेमुळे मजुराला बायकामुले आणताच येत नाहीत. तो दुबईतील सोनापूरच्या मजूर-छावणीत वीस-वीस वर्षे एकटा राहतो, आणि दहावीपर्यंतही न शिकलेला असल्यास त्याला भारतातून निघतानाच १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याखाली वेगळी मंजुरी घ्यावी लागते. वेतनाच्या पायरीवर उभे राहून स्वतःसाठी कायमचा निवास मागणाऱ्या सुशिक्षिताने हे विसरू नये की वर्षांच्या तराजूत त्या मजुराचे पारडे त्याच्याइतकेच जड आहे. शिकलेल्या मराठी माणसाने ही मागणी करावयाची तर ती दोघांच्या नावाने केली पाहिजे, नाहीतर ती केवळ एका श्रेणीच्या सवलतीची याचना ठरेल.

याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मी हलका लेखीत नाही. आपल्याच देशात दहांत एक उरलेल्या समाजाने आपली भाषा, आपला राज्यकारभार, आपली जीवनपद्धती विरून जाईल म्हणून धास्ती घ्यावी यात अस्वाभाविक काहीही नाही. आपण महाराष्ट्रात त्याहून कितीतरी अनुकूल प्रमाणात असूनही अशीच धास्ती घेत आलो आहोत. म्हणूनच येथे राजकीय नागरिकत्वाची मागणी नाही. मताधिकार, सत्तेतील वाटा, सार्वजनिक संपत्तीतील हिस्सा हे त्या समाजाने आपल्यापाशी ठेवावेत. परंतु ज्या गावात आयुष्य गेले तेथून पासष्टाव्या वर्षी केवळ नोकरी संपली म्हणून बाहेर पडावे लागू नये, एवढ्याने कोणाचीही संस्कृती बुडत नाही. पैशासाठी गेले होते, कराराच्या अटी ठाऊक होत्या, असेही म्हटले जाते. पंचविसाव्या वर्षी केलेला करार पन्नासाव्या वर्षापर्यंत माणसाच्या सगळ्या संबंधांचे मोजमाप करू शकतो असे मानणारालाच हे उत्तर पुरेसे वाटेल.

आपल्या घरातही हा न्याय आपण मान्य केलेला आहे. महाराष्ट्राचा अधिवासाचा दाखला पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो, आणि मुंबईतील झोपडीला १ जानेवारी २००० या तारखेच्या आधारे जे संरक्षण देण्यात आले, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे की शहरात घालविलेला काळ स्वतःच काही हक्क निर्माण करतो. दुबईत हे तत्त्व मागणाऱ्याला ते मुंबईत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या श्रमिकाला नाकारता येणार नाही; हे ज्याला पटत नसेल त्याने दुबईतील आपल्या भावासाठीही बोलू नये.

राहता राहिली आपल्या सरकारची जबाबदारी. अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय आहेत, परदेशांतून येणाऱ्या रकमांत त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तरीही २०१० च्या दुरुस्तीने मतदारयादीत नाव नोंदविण्याचा हक्क मिळालेल्या या माणसांना मत देण्यासाठी स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर यावे लागते. साहजिकच उमेदवारांना त्यांच्या प्रश्नांचा तगादा कधी लागत नाही. दोन्ही देशांतील व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ मे २०२२ पासून अंमलात आहे. मालावरील जकातीची कलमे त्यात तपशिलाने लिहिली गेली, आणि सेवांसाठी जाणाऱ्या माणसांचा विचार झाला तो तात्पुरत्या ये-जा करणारांचा म्हणून. त्या कराराचा पुढे जेव्हा फेरविचार होईल तेव्हा दीर्घ वास्तव्याच्या परवान्याचे आणि ग्रॅच्युइटीऐवजी सक्तीच्या, व्याजासह वाढणाऱ्या निवृत्तिबचतीचे कलम भारताच्या मसुद्यात असावे, आणि ते वेतनाची अट न घालता असावे, ही मागणी तेथील मराठी मंडळांनी केरळच्या संघटनांना बरोबर घेऊन आतापासूनच दिल्लीच्या दफ्तरी रुजू करावी. आखातातील माणसांचा प्रश्न शासनापुढे नेटाने मांडण्याचा अनुभव त्या मलयाळी बांधवांपाशी आपल्याहून अधिक आहे.