गोळीचा हिशेब ठेवता, मग माणसाचाही ठेवा



नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं मी एका दवाखान्यात नव्या औषधांच्या चाचणीचं काम केलं. औषधांचं कपाट आणि त्याचं रजिस्टर माझ्याकडे असे. शुगरच्या एका गोळीची चाचणी संपली, त्या दिवशी एका मावशींच्या उरलेल्या गोळ्या मी मोजून परत घेतल्या. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आत्ता कुठं शुगर आटोक्यात आली. उद्यापासून मी काय घेऊ?"

रजिस्टरमध्ये रकाने होते : आलेल्या गोळ्या, दिलेल्या गोळ्या, परत आलेल्या गोळ्या. मावशींच्या प्रश्नाला रकाना नव्हता. हा लेख त्या रकान्यासाठी आहे.

आपल्या वस्त्यांतही अशा चाचण्यांचं बोलावणं येतं. "तपासणी फुकट, औषध फुकट" असं सांगितलं जातं. म्हणून हे औषध आपल्या हातात कसं येतं ते आधी समजून घ्या.

बऱ्याच चाचण्यांत दोन प्रकारची खोकी असतात. एकात नवं औषध, दुसऱ्यात जुनं औषध किंवा औषध नसलेली गोळी. दिसायला दोन्ही सारखीच. खोक्यावर फक्त नंबर असतो. कोणत्या पेशंटला कोणता नंबर द्यायचा ते कॉम्प्युटर सांगतो. आत काय आहे ते पेशंटला माहीत नसतं, बहुतेक वेळा डॉक्टरांनाही नसतं. थंड ठेवायची औषधं साधारण २ ते ८ अंशांत, तापमान नोंदवणाऱ्या यंत्रासोबत येतात. वाटेत तापमान चढलं तर ते खोकं बाजूला ठेवायचं, कंपनीला कळवायचं, उत्तर येईपर्यंत कुणाला द्यायचं नाही. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटंसुद्धा परत घ्यायची आणि शेवटी नोंद करून नष्ट करायची.

ही शिस्त योग्यच आहे. औषधाला अजून मंजुरी मिळालेली नसते. एक गोळी शेजारणीच्या पोटात गेली तर तिला अपाय होऊ शकतो, आणि चाचणीचा निकालही बिघडतो. मावशींच्या गोळ्या मी परत घेतल्या, त्यात चूक नव्हती. त्यांच्या उद्याचा विचार पहिल्या दिवशी कुणीच केला नव्हता, चूक ती होती.

२०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत चाचणीनंतरही औषध मोफत देण्याची तरतूद आहे. पण ती आपोआप लागू होत नाही. डॉक्टरांची शिफारस लागते, एथिक्स कमिटीची आणि सरकारची मान्यता लागते, औषधाचा फायदा दिसलेला असावा लागतो आणि त्या आजारावर दुसरा इलाज नसावा लागतो. शुगरवर दुसरी औषधं आहेत, म्हणजे मावशी या तरतुदीत बसल्याच नसत्या. त्यांना हवा होता एक साधा कागद : आजवर काय तपासलं, पुढे कोणतं औषध, आणि ते कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळेल. त्याला किती खर्च आला असता?

औषध पोचलं म्हणजे सगळं नीट झालं, असं नसतं. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा प्रकल्प सुरू झाला. लस मुलींपर्यंत पोचली. पण खम्ममकडच्या अनेक फॉर्मांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीची ने-आण नीट जमते, मग आईबापांना विचारणं का जमत नाही?

चाचणीला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. माझं म्हणणं आहे, चाचणी वस्तीतल्या माणसांवर होणार असेल तर तो नागरिक वस्तीतला असावा. म्हणजे तो विचारेल : दहा बाय दहाच्या खोलीत फ्रीज नाही, इंजेक्शन ठेवायचं कुठं? लाइट गेली तर? तपासणीच्या दिवसाची बुडालेली मजुरी कोण देणार? औषधाचं खोकं घेऊन कुरिअरवाला गल्लीत नाव पुकारत आला, तर आजार चार घरांत कळणार नाही का? हे प्रश्न औषध पाठवण्याच्या आराखड्यातच असले पाहिजेत. नंतर सिस्टरच्या गळ्यात मारायचे नाहीत.

चाचणीत जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नवी औषधं चाचणीशिवाय येत नाहीत, म्हणून मी "जाऊ नका" म्हणणार नाही. पण गेलात तर एवढं करा. माहितीपत्रक आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत घरी आणा, तो तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार सोबत लागतो. रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुठं करायचा तो नंबर लिहून घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, भरपाईचाही नियम आहे. गोळी चुकली, हरवली, औषध उन्हात राहिलं, तर खरं सांगा. ओरडा बसेल म्हणून रिकामं पाकीट लपवू नका. गोळी कुणाला देऊ नका. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडा, त्यासाठी तुमचा नेहमीचा इलाज कुणी बंद करू शकत नाही. मात्र औषध एकदम थांबवलं तर काय होईल, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि सही करण्याआधी मावशींचा प्रश्न विचारा : "चाचणी संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी काय घेऊ?" उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. उत्तर मिळत नसेल, तर पेन खाली ठेवा.