पदकाच्या आधीचं कौतुक

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतने मागे पळत शेवटचा झेल पकडला, दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली आणि आपल्या पोरी वन-डेच्या विश्वविजेत्या झाल्या. पुढचे आठ दिवस प्रत्येकाच्या स्टेटसला एकच वाक्य होतं, 'अभिमान आहे'. त्याआधी जुलैमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही तेच. या आनंदाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आमच्या सासूबाईंना एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते अजून नीट कळत नाही, पण ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमाने नाबाद १२७ केल्यावर त्यांनी उठून देवापुढे साखर ठेवली. घरात असे दिवस यावेत, वारंवार यावेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा अभिमान आपल्याला फार स्वस्तात मिळतो. पदक दिसलं की आपण जागे होतो. त्याआधीची दहा-बारा वर्षं त्या मुलीच्या घरचे एकटे जागे असतात.

जरा आठवून बघा. सांगलीची स्मृती मानधना भावाचं क्रिकेट बघत बघत खेळायला लागली. 'तो मुलगा आहे, तू कशाला' असं घरी कोणी म्हणालं असतं तर विषय तिथेच संपला असता. जेमिमाच्या घरच्यांनी पोरांना खेळायला चांगली सोय मिळावी म्हणून भांडुपहून वांद्र्याला बिऱ्हाड हलवलं. कांदिवलीच्या राधा यादवच्या वडिलांचा छोटासा गाळा, त्यावर सगळं घर. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती, वडील शिक्षक. दिव्याने बातुमीत जिंकल्यावर आधी आईला मिठी मारली आणि रडली. ती मिठी सगळ्यांनी शेअर केली. त्या मिठीच्या मागे किती प्रवास, किती परक्या गावातल्या खोल्या, किती हरलेले डाव असतील, ते त्या दोघींनाच ठाऊक.

आता दुसरी बाजू सांगते. ही कुठल्याच पेपरात येत नाही.

तालुक्याच्या गावी आमच्या शाळेचा खो-खोचा संघ होता. मैदानात उतरणाऱ्या आम्ही नऊ जणी. दहावीपर्यंत त्यातल्या दोघी उरल्या. बाकीच्यांपैकी कोणी जखमी झाली नव्हती, की कोणाचा वेग कमी झाला नव्हता. एकीला पाणी भरायला पाचच्या आत घरी यावं लागे. एकीला पाळी सुरू झाली आणि घरातून 'आता पुरे ते पळणं' असं फर्मान निघालं. मैदानाजवळ मुतारी होती, ती मुलांची. एकीच्या काकांना हाफ पँट पसंत नव्हती. एकीच्या गावची शेवटची एसटी साडेपाचला, सराव संपायचा सहाला. खेळ सोडल्याबद्दल कोणाची चौकशीही झाली नाही. मुली अशाच गुपचूप गळतात. शाळेच्या हजेरीपटावर त्या हजरच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल झाली. आपल्या प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० ने हरवलं. आमच्या नऊ जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आमच्यातली एक एसटीत कंडक्टर आहे, एक सरकारी दवाखान्यात नर्स, एकीची खानावळ जोरात चालते. मला या सगळ्यांचा भारी अभिमान आहे, तो वेगळ्या पोस्टचा विषय. त्या रात्री कंडक्टर मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं, 'अगं, आपण पण असाच सूर मारायचो की गं.' त्यावर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.

आता कोणी म्हणेल, ताई, जमाना बदलला. बदललाच आहे, आणि कसा बदलला ते बघण्यासारखं आहे. क्रिकेट बोर्डाने महिला आणि पुरुष खेळाडूंना सारखं सामना मानधन जाहीर केलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. एका वन-डेला ६ लाख, दोघांनाही तेवढेच. महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली मार्च २०२३ मध्ये. आणि विश्वचषक आला २०२५ मध्ये. क्रम लक्षात घ्या. आधी पैसा, सामने आणि मैदान, मग कप. 'आधी जिंकून दाखवा, मग बघू' असं म्हणत बसलो असतो तर अजून बघतच बसलो असतो.

सरकारचंही तेच. दिव्या जिंकून आल्यावर राज्य सरकारने तिला ३ कोटी दिले. छान केलं, ते तिच्या हक्काचे आहेत. पण जिंकलेल्या मुलीला कोटी देणं सोपं असतं, कारण ती एक असते. न जिंकलेल्या हजारो मुलींना संध्याकाळी सातपर्यंत उजेड असलेलं मैदान, कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि घरी पोचवणारी एक गाडी देणं अवघड. त्याचा फोटो काढून बॅनरवर लावता येत नाही ना! गावातून शाळेत यायला मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, उत्तम योजना आहे. पण सरावाला थांबलेल्या मुलीची गाडी गेलेली असते. तिच्या हातातला मोफत पास त्या वेळी काय कामाचा? शाळा सुटल्यावर तासाभराने एक फेरी ठेवा, एवढं तरी आगाराकडे मागता येईल की नाही?

आणि सगळंच सरकारवर ढकलून चालणार नाही. आमच्या नऊ जणींतल्या एकीची मुलगी सातवीत आहे, खो-खोच खेळते. मैदान घरापासून तीन किलोमीटर. पाच मुलींच्या आयांनी मिळून वार वाटून घेतलेत. ज्या दिवशी जिचा वार, तिने स्कूटी नाहीतर रिक्षा घेऊन जायचं आणि पाचही पोरींना घरोघरी सोडायचं. शनिवारी एकीचे आजोबा जातात. सरावाच्या दिवशी रात्रीची भांडी मुलीच्या थोरल्या भावाकडे. सुरुवातीला तो धुसफुसला. आता तिच्या सामन्याचे गुण सगळ्या बिल्डिंगला तोच सांगत फिरतो.

मागच्या महिन्यात त्यांचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. त्या संध्याकाळी पाच घरांनी मिळून गच्चीवर भेळ केली. आजोबांनी पाच पोरींना शंभर-शंभराची नोट दिली आणि म्हणाले, 'पळालात ना जीव तोडून? झालं तर मग.' मैत्रिणीने मला फोटो पाठवला. गुडघे फुटलेल्या, धुळीने माखलेल्या पाच पोरी तोंडभर हसतायत. मी तो कितीदा पाहिला त्याला हिशेब नाही. या मुली पुढे देशाकडून खेळतील का? बहुतेक नाही. पण त्या पळतायत, त्यांच्यासाठी पाच घरांचं वेळापत्रक बदललंय, आणि हरून आल्या तरी दारात कोणीतरी हसत उभं आहे. मला तरी यात २ नोव्हेंबरच्या रात्रीइतकाच आनंद दिसतो. 'अभिमान आहे' म्हणायचा अधिकारही मला त्या पाच घरांचा आधी वाटतो.

तेव्हा पुढच्या विजयाची वाट बघू नका. पीटीच्या तासाला गणिताचे सर येत असतील तर पालकसभेत हात वर करा. सोसायटीत मुलं क्रिकेट खेळत असतील तर कडेला उभ्या असलेल्या मुलींना बॅटिंग मिळते का बघा. पुतणी, भाची, शेजारची चिंगी, कोणी का असेना, तिच्या एखाद्या साध्या सामन्याला जाऊन बसा. टाळ्या वाजवायला पदक लागत नाही.

आणि एक काम. तुमच्या भागातलं मैदान संध्याकाळी किती वाजता बंद होतं, तिथे दिवे आहेत का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, एवढं कमेंटमध्ये लिहा. मुलींची नावं, फोटो नकोत. मैदानाचं नाव पुरे. यादी करते आणि त्या त्या नगरपालिकेला, महापालिकेला पाठवते. बघू या, उत्तर कोण देतं.