खोक्यावरचा एचडीआर आणि खोक्यातला एचडीआर

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत किती ग्रॅम माल आहे ते छापावं लागतं. कमी भरलं तर वैधमापनवाले दंड करू शकतात. पण सोळा-सतरा हजारांच्या मॉनिटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'एचडीआर' छापलं आणि आत त्या नावाला साजेसं काहीच नसलं, तर विचारणारा कुणी नाही. गेले काही आठवडे या प्रकरणात डोकं घालून बसलोय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आठवी-नववीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्याने दोन वर्षं पैसे साठवले आणि गेमिंगसाठी २७ इंची मॉनिटर घेतला. खोक्यावर ओळीने शिक्के: १६५ हर्ट्झ, फ्रीसिंक, एचडीआर, १ एमएस. आठ दिवसांनी फोन आला, "मामा, एचडीआर चालू केलं की चित्र धुतल्यासारखं दिसतंय. काळा रंग राखाडी होतोय. आणि गेम जोरात चालला की चित्र मधूनच फाटतंय." दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, युट्यूबवर बघा."

एक रविवार त्याच्याकडे जाऊन बसलो. चित्र फाटण्याचं दुखणं अर्ध्या तासात बरं झालं. एचडीआरचं झालं नाही, होणारही नव्हतं. असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण या दोन गोष्टींत एक खरी पण अर्धवट सांगितलेली आहे, आणि दुसरी निव्वळ शब्दांची हातचलाखी.

आधी फाटण्याचं बघू. साधा मॉनिटर ठरलेल्या तालात चित्र बदलतो, सेकंदाला ६० वेळा किंवा १६५ वेळा. ग्राफिक्स कार्ड मात्र प्रसंगानुसार कधी ९० चित्रं तयार करतं, कधी ५०. ताल जुळला नाही की वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्या चित्राचा दिसतो. ॲडॅप्टिव्ह सिंक म्हणजे कार्ड जसं चित्र देईल तसा मॉनिटरने आपला ताल बदलायचा. पेटीवाला गायकाच्या मागे जातो ना, तसं. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर केलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं, महागडं सर्किट लागायचं. २०१४ मध्ये वेसा या मानकं ठरवणाऱ्या संघटनेने हीच सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातली आणि एएमडीने तिच्यावर फ्रीसिंक उभं केलं. स्वस्त मॉनिटरमध्ये ही सोय आली ती त्यामुळे. चांगलंच झालं.

पण या सोयीला एक पट्टा असतो, आणि बहुतेक खोक्यांवर तो नसतोच. भाच्याचा मॉनिटर ४८ ते १६५ हर्ट्झमध्ये ताल जुळवतो. समजा गेम ४० फ्रेमवर घसरला, तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर काम भागवता येतं. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. ज्याचा पट्टा ४८ ते ७५ आहे त्याला हे जमणारच नाही. फ्रेम ४८च्या खाली गेल्या की पुन्हा फाटाफाट. ज्याला ही सोय खरी लागते, म्हणजे ज्याचं ग्राफिक्स कार्ड हलकं आहे, त्यालाच ऐन वेळी ती सोडून जाते. दोन्ही खोक्यांवर शब्द मात्र तोच: फ्रीसिंक.

जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कार्डांवर हे मॉनिटर चालू द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की आम्ही ४०० मॉनिटर तपासले आणि १२ आमच्या कसोटीला उतरले. एनव्हिडिया काही धुतल्या तांदळासारखी नाही, स्वतःचं महाग सर्किट विकण्यात तिचा स्वार्थ होताच. तो हिशोबात धरून आकडा बराच सैल केला, तरी 'सिंक आहे' आणि 'सिंक नीट चालतं' यांत केवढं अंतर आहे ते कळतं.

भाच्याच्या बाबतीत सोय होती, फक्त कुणी सांगितली नव्हती. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत ती मुळातच बंद होती. खोक्यात केबल होती फक्त एचडीएमआयची. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, मेन्यूतून सिंक चालू केलं, ड्रायव्हरमध्ये चालू केलं, फ्रेमची मर्यादा १६५च्या थोडी खाली, १६० वर बांधली. झालं. फाटणं बंद.

आता एचडीआर. त्याचा अर्थ साधा आहे. गुहेतला अंधार आणि गुहेच्या तोंडावरचं ऊन एकाच चित्रात, एकाच वेळी खरं वाटलं पाहिजे. त्यासाठी मॉनिटरला तीन गोष्टी लागतात. एक, भरपूर उजेड. दोन, खरा काळोख, म्हणजे ओएलईडी पडदा किंवा मागच्या दिव्यांचे भाग वेगवेगळे मंद करायची सोय. तीन, रंगांचा जास्त आवाका. भाच्याच्या मॉनिटरचा तांत्रिक तक्ता कंपनीच्या साइटवर तीन पानं आत सापडला. उजेड ३०० निट्स. दिवे भागाभागाने मंद करायची सोय नाही. आणि एचडीआरपुढे लिहिलंय, 'एचडीआर१० सिग्नल स्वीकारतो'.

स्वीकारतो! इथेच सगळी गोम आहे. एचडीआर१० हा सिग्नल पाठवायचा एक ठरलेला प्रकार आहे. तो घेता येणं म्हणजे तो दाखवता येणं नव्हे. पोस्टमनने दिलेलं संस्कृत पत्र मी सही करून घेऊ शकतो, म्हणून मी संस्कृत पंडित होत नाही. हजार निट्सचं ऊन या मॉनिटरच्या तीनशेत कोंबलं जातं. मागचा दिवा एकच असल्याने ऊन वाढवायला गेलं की अंधारही उजळतो. म्हणून काळा रंग राखाडी. यात भाच्याची चूक नव्हती, विंडोजची नव्हती, सेटिंगचीही नव्हती. जे आतच नाही ते कुठल्या सेटिंगने बाहेर येणार?

तुम्ही म्हणाल, मग प्रमाणपत्र बघून घ्यावं. आहे ना प्रमाणपत्र. वेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाच्या पायऱ्या काढल्या: ४००, ६००, १०००. पण पहिली पायरी इतकी बुटकी ठेवली की ४०० निट्स उजेड आणि साध्या मॉनिटरइतके रंग असले तरी ४०० चा शिक्का मिळायचा. दिवे भागाभागाने मंद करायची अट नव्हती. मे २०२४ मध्ये वेसाने निकष कडक केले, रंगांची अट वाढवली, तेव्हा त्यांनीच एका परीने कबूल केलं की आधीचे ढिले होते. तरी ही संस्था निदान काहीतरी मोजते. त्याहून वाईट म्हणजे खोक्यांवरचे 'एचडीआर रेडी', 'एचडीआर सपोर्ट', नुसतं 'एचडीआर ४००' असे स्वयंघोषित शिक्के. पूर्ण 'डिस्प्लेएचडीआर' हा शब्द आणि वेसाचं नाव नसेल, तर त्या ४०० ला विचारणारं कुणी नाही.

केबलचंही तेच. २०२१च्या शेवटी उघड झालं की एचडीएमआयच्या परवान्याचा कारभार पाहणारी संस्था आता '२.०' हे नावच मानत नाही. जुन्याच क्षमतेच्या उपकरणावरही '२.१' लिहिता येतं, कारण २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. १८ गिगाबिटची जुनी वाट आणि ४८ गिगाबिटची नवी, दोन्हींवर एकच पाटी! १८ गिगाबिटमधून फोरके, ६० हर्ट्झ आणि १० बिट रंग कमी न करता जातच नाहीत. म्हणजे ज्या सोयीसाठी गिऱ्हाईक '२.१' वाचून जास्त पैसे देतं, ती असेलच याची त्या पाटीवरून खात्री नाही.

आता मला आलेल्या दोन प्रतिक्रिया.

पहिली एका जुन्या मित्राची. "देशात पाणी नाही, रस्ते नाहीत, आणि तू पोरांच्या गेमसाठी काय रडतोस?" गड्या, पाण्यासाठीही भांडतो, तुला माहीत आहे. पण सोळा हजार ही त्या पोराची दोन वर्षांची कमाई आहे. गेम खेळण्यासाठी घेतलं म्हणून त्या पैशाची किंमत कमी होत नाही. फसवणूक मिक्सरच्या बाबतीत झाली असती तर तू असं म्हणाला नसतास. आणि हेच मॉनिटर घेऊन व्हिडिओ एडिटिंग, फोटोंचं काम करणारी शेकडो मुलं आपल्या गावात आहेत. त्यांचं पोट त्यावर आहे.

दुसरी एका दुकानदार ओळखीच्यांची. "साहेब, आम्ही काय करणार? आम्हीही खोकंच वाचतो." हे मात्र मला पटतं. सगळा राग काउंटरवरच्या पोरावर काढून उपयोग नाही. त्याला कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येऊन शिक्के पाठ करून देतो. मात्र एक विनंती त्यांनाही आहे. माहीत नसेल तेव्हा 'सगळ्यात असतं' असं ठोकून देऊ नका. 'बघून सांगतो' म्हणा. गिऱ्हाईक पळून जात नाही.

मग जबाबदार कोण? छापणारे, आणि छापू देणारे.

आपलं सरकार मॉनिटरचे इंच मोजत आलंय. सप्टेंबर २०२५ पर्यंत ३२ इंचांपर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्याला २८ टक्के होता. आता दोन्हींना १८. मॉनिटरला बीआयएसची नोंदणी लागते, मागे 'आर'ने सुरू होणारा नंबर असतो. पण ती तपासणी विजेच्या सुरक्षिततेची, शॉक लागू नये, आग लागू नये यासाठी. हवीच ती. पण इंच मोजले, शॉक तपासला, उजेड कुणी मोजला? एसी घेताना आपण तारे बघतो. सगळ्यांना एकाच पद्धतीने मोजून लावलेलं लेबल कसं असतं, हे या देशाला माहीत आहे. मग पडद्याला का नको?

आणि नव्या कायद्याची वाट बघायचीही गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खोटं सांगणं तर त्यात आहेच, पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणंही आहे. 'एचडीआर' खोक्यावर बोटभर अक्षरांत आणि 'फक्त सिग्नल स्वीकारतो' साइटवर तीन पानं आत, ही लपवाछपवी नाही तर काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिराती थांबवण्याचा आणि पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. पुन्हा केलं तर ५० लाख. अधिकार आहे, फाइल नाही. कारण तक्रार कुणी करत नाही. आपण युट्यूबवर सेटिंग शोधत बसतो आणि स्वतःलाच अडाणी समजतो.

माझी मागणी मोठी नाही. खोक्यावर चार आकडे छापा, शिक्क्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत. कमाल उजेड किती निट्स. दिवे किती भागांत मंद होतात, नसतील तर शून्य. सिंकचा पट्टा कुठून कुठपर्यंत, प्रत्येक पोर्टसाठी वेगळा. आणि पोर्टची क्षमता किती गिगाबिट. हे चारही आकडे कंपनीकडे तयार असतात. छापायला शाईशिवाय खर्च नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं?

घेण्याआधी कंपनीच्या साइटवरचा पूर्ण तक्ता वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दिवे मंद करण्याची सोय नसेल, तर 'एचडीआर' या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. चांगला साधा पडदा आणि रुंद सिंक पट्टा घ्या, त्याने खेळ जास्त सुधारतो. अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकतो का तेही बघा. काही व्हीए आणि ओएलईडी पडद्यांवर सिंक चालू असताना तसं होतं. परत करायची मुदत संपायच्या आत बघा.

घेतला असेल तर: शक्यतो डिस्प्लेपोर्ट केबल, मॉनिटरच्या मेन्यूत सिंक चालू, ड्रायव्हरमध्ये चालू, फ्रेमची मर्यादा कमाल हर्ट्झच्या तीन-चार खाली. एचडीआर खरं असेल तर मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप एकदा चालवा. रोजच्या कामाला एचडीआर बंद आणि गेमपुरतं विंडोज-ऑल्ट-बी दाबून चालू ठेवलं तरी चालतं. नावापुरतं असेल तर सरळ बंद करा. भाच्याचं बंद केलं, तेव्हा चित्र पहिल्यांदा नीट दिसलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच बंद करायचं?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी बसून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल, खोक्याचे फोटो, तक्त्याचा स्क्रीनशॉट जोडला. तिथे काही झालं नाही तर जिल्हा आयोग आहे. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जे होईल ते इथेच लिहीन.

तुमच्या घरी असं खोकं पडलं असेल तर आज माळ्यावरून खाली काढा. त्यावर काय छापलंय आणि तक्त्यात काय आहे, दोन्हींचे फोटो कमेंटमध्ये टाका. दुकानाचं नाव नको, बिलावरचा नंबर झाका. पंधरा-वीस फोटो जमले तर एकत्र तक्रार करू. एकट्याची तक्रार म्हणजे सेटिंगचा प्रॉब्लेम असतो. वीस जणांची झाली की तिला उत्तर द्यावं लागतं.