इंजिन धुवायचे की विकायचे?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन पंथ नांदत असतात. एक दुरुस्तीपंथी आणि दुसरा मोडीतपंथी. पहिल्या पंथाची माणसे इस्त्रीची वायर तीनदा बदलतात आणि वर ‘अशी वजनदार इस्त्री आता मिळत नाही’ असे ऐकवतात. दुसऱ्या पंथातल्यांना पंखा जरा घरघरला की दुकानाची वाट दिसू लागते. नवराबायकोंत बहुधा एकेक पंथ वाटलेला असतो, आणि त्यामुळेच कित्येक संसारांत घरही सामानाने भरत नाही आणि खिसाही अगदी रिकामा होत नाही. आज मात्र मला ज्या वस्तूविषयी सांगायचे आहे, तिच्या बाबतीत हा वाद हौसेचा नव्हता. ती वस्तू म्हणजे कड्याच्या आमच्या शेतावरचे पाण्याचे इंजिन.

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले गाव, नगर-बीड रस्त्यावरचे. (नगरचे सरकारी नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. आमच्या दादांच्या तोंडात अजून नगरच आहे, आणि इंजिनाचे सुटे भाग आणायला ते तिथेच जातात.) हा सारा मुलूख पावसाच्या सावलीतला. इथे पाहुणा ओसरीवर टेकला की आधी ‘तुमच्याकडं पाऊस कसाय?’ असे विचारतात आणि मग चहा. अशा तालुक्यात 2025 च्या सप्टेंबरच्या मध्यात इतका पाऊस कोसळला की पुरात अडकलेल्यांना सोडवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. त्याच आठवड्यात, 17 सप्टेंबरला, बीडला नगरहून रेल्वे सुरू झाली. जिल्ह्याने आयुष्यभर ज्या दोन गोष्टींची वाट पाहिली, त्या एकदमच आल्या म्हणायच्या!

दादांचे सोयाबीन आणि उडीद गेले. बांध फुटले. आणि विहीर काठोकाठ भरून इंजिन नऊ दिवस पाण्याखाली राहिले.

आपण म्हणाल, इंजिन विहिरीत कशाला ठेवायचे? त्याला कारण आहे. वरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे बाहेरची हवा पाण्याला खालून वर ढकलत असते, आणि तिची ताकद पुस्तकातसुद्धा 34 फुटांपलीकडे जात नाही. पाइपातले घर्षण, सांध्यांतली गळती हे सारे वजा जाता हातात वीस-पंचवीस फूट पडतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी चाळीस-पंचेचाळीस फुटांवर जाते. मग विहिरीच्या भिंतीत टप्पा खोदायचा आणि इंजिन-पंप दोन्ही खाली उतरवायचे. हा प्रकार धोक्याचाच. इंजिनाचा धूर विहिरीत कोंडला की खाली उतरलेला माणूस बघता बघता गुदमरतो. दादांनी धुराचा पाइप नेहमी काठाच्या वर काढलेला असे, तरी इंजिन चालू असताना वहिनी कोणाला खाली उतरू देत नसत.

हे इंजिन वडिलांनी 1973 साली, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, कर्ज काढून घेतले होते. तोवर आमच्याकडे मोट होती. इंजिन जुन्या संथ जातीचे, दोन बाजूंना दोन भली मोठी चाके, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. हा घाट मूळचा इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा, 1930 च्या सुमाराचा. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या प्रतिकृती इतक्या काढल्या की खेड्यापाड्यांत तो आपलाच वाटू लागला. पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 साली निघाला, आणि मोटेचे दिवस सरत आले. आमच्या इंजिनावरची पाटी केव्हाच घासून गेली आहे, तेव्हा त्याचे कुळ विचारू नका.

शेजाऱ्याची मोटर लावून पाणी उपसले आणि तीन वाशांचे तिकाटणे उभारून तीनशे किलोंच्या वरचे ते धूड चेनपुलीने वर काढले. मिस्त्री आला. त्याने पहिला प्रश्न केला, “कुणी हँडल तर मारलं न्हाई ना?” हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर करून हँडल फिरवले, तर कनेक्टिंग रॉडच वाकायचा. सुदैवाने कोणी हात लावला नव्हता. मग त्याने तळातले तेल सोडले. आधी पाणी आले, मग गढूळ चहासारखे काहीतरी. हेड उतरवले, सगळे भाग डिझेलने धुतले. लायनरला गंजाचे वळ उठले होते आणि पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी धरल्या होत्या. डिझेलचा पंप आणि नोझल कामातूनच गेले होते, कारण त्यांतले भाग एकमेकांत इतके बारकाईने बसलेले असतात की चिखलाचा कण तिथे खपत नाही. शेवटी क्रँकची पाळी आली. मिस्त्रीने मायक्रोमीटर लावून चारी बाजूंनी मापे घेतली, पुन्हा घेतली, आणि म्हणाला, “क्रँक शाबूत हाय. बॉडीला तडा न्हाई. बाकी सगळं बाजारात मिळतंय.”

खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका येत होता. दादांचा चेहरा उजळला. पुण्याला नोकरीत असलेल्या पुतण्याचा पडला.

“काका, तुम्ही तरी सांगा दादांना,” तो मला म्हणाला. आपल्या बापाला तोही दादाच म्हणतो. त्याचे म्हणणे असे, की पाच हॉर्सपॉवरचे इंजिन भरओझ्याने चालले की तासाला साधारण लिटरभर डिझेल पिते. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास. हंगामात तीनशे तास चालले तर सत्तावीस हजार रुपये धुरात गेले. म्हणजे दुरुस्तीपेक्षा पिणेच महाग! हिशेब बिनतोड होता. पण त्या हिशेबात एक गंमत होती. नवे इंजिनही डिझेलवरच चालणार, आणि काही पाण्यावर राहणार नाही. तेव्हा ‘नवे इंजिन’ हा पर्याय, ज्याच्यासाठी एवढी बैठक बसली होती, तो पहिल्या दहा मिनिटांतच बाद झाला. लढत उरली ती जुन्या इंजिनाची आणि दुसऱ्याच जातीच्या पंपांची.

विजेची मोटर घ्यावी तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना 2024 पासून वीजबिल माफ आहे. पण आमच्या विहिरीपर्यंत खांबच नाहीत, आणि जिथे आहेत तिथे वीज पाळीपाळीने येते. शिवाय बुडालेल्या मोटरचे वाइंडिंग धुऊन भागत नाही, बहुधा नव्यानेच भरावे लागते. राहता राहिला सौरपंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी विसावा. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत पाच. दादांची जमीन चार एकर. सूर्य बिल पाठवत नाही, आणि मोट काय, इंजिन काय, रात्रीबेरात्री विहिरीवर जाण्याचा वनवास संपतो. माझा कौल मनातून पुतण्याकडेच होता. पैसे कोणी घालायचे हा प्रश्न कोणी काढला नाही, याचा अर्थ तो सर्वांच्याच मनात होता.

दादा मात्र गप्प. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला वडिलांची वस्तू भंगारात घालायला सांगणे सोपे नसते, आणि तसे स्पष्ट बोलून दाखवणे त्याहून अवघड.

तिढा सोडवला तो वहिनींनी. त्या भाकरी थापता थापता आतूनच म्हणाल्या, “सूर्याचा पंप यील तवा यीऊ द्या. कांद्याचं रोप टाकलंय, त्याला कुणाची वाट बघायला सांगू?”

सगळा प्रश्न या एका वाक्यात जागेवर आला. अर्ज करायचा, पैसे भरायचे, मग पाहणी, मग पंप. यात किती दिवस जातील ते कोणी छातीठोक सांगावे? रोपाला पाणी लागणार होते ते आठवड्यात. पुन्हा यंदा विहीर तुडुंब. पाणी दहा फुटांवर असताना इंजिन खाली उतरवायचे कारणच नाही, काठावर बसवले की झाले. दुष्काळात जे इंजिन अपुरे पडते, तेच पाणकाळात पुरून उरते. खरिपाने हात दिला नव्हता. कांदा हातचा गेला असता तर सौरपंपाचा दहावा हिस्साही कुठून भरायचा?

असे ठरले की या खेपेला इंजिन उभे करायचे, पण पुढे क्रँक गेला तर त्याच्यावर एक पैसा घालायचा नाही. दादांनी ही अट मान डोलावून कबूल केली, तोंडाने नाही. पुतण्याने तिथेच, उघड्या पडलेल्या चाकावर टेकून, मोबाइलवर सौरपंपाचा अर्ज भरायला घेतला. सातबारा शोधायला दादा स्वतः उठले.

मिस्त्रीने बिल लिहिले. पिस्टन, लायनर, रिंगा, बेरिंगे, नोझल, पंप, तेल, मजुरी, आणि शेवटी ‘रंगकाम, हिरवा’. वहिनींनी हात पदराला पुसून ते बिल वाचले, रंगकाम खोडायला लावले आणि त्या जागी नवा फूटव्हॉल्व्ह लिहून घेतला.