अभिजात साहित्य चौकात यावे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद महाराष्ट्रभर व्यक्त झाला आणि तो उचितच होता. परंतु ज्या ग्रंथांच्या बळावर हा मान लाभला, ते ग्रंथ आज कितीजण उघडतात? ‘लीळाचरित्र’ परीक्षेपुरते उरले आहे आणि ‘ज्ञानेश्वरी’ पुष्कळ घरांत पूजिली जाते, वाचली मात्र जात नाही. ज्या घरात ग्रंथच पोहोचला नाही, तेथील तरुणाची तर गोष्टच वेगळी.

हा दुरावा मिटविण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे पथनाट्य. हा शब्द उच्चारताच डावी चळवळ डोळ्यांपुढे उभी राहते. १९४३ साली स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने आणि पुढे ‘जन नाट्य मंचा’ने हे माध्यम हिरिरीने वापरले. त्यांची विचारसरणी आपणास मान्य नाही. पण प्रेक्षकाची वाट न पाहता त्याच्या दारी जाण्याची त्यांची चिकाटी नाकारता येणार नाही. मात्र हे माध्यम त्यांनीच जन्मास घातले, हा समज निराधार आहे.

संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशी येथे भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पूर्ण केली. अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. पण नाथ तेवढ्यावर थांबले नाहीत. वासुदेव, जोशी, गोंधळी ही गावोगाव हिंडणारी सोंगे घेऊन त्यांनी भारुडे रचली. विंचवाच्या भारुडातील विष काम-क्रोधाचे आहे आणि त्यावरील उतारा सत्त्वगुणाचा. ग्रंथातील तत्त्वज्ञान निरक्षर माणसालाही हसत-खेळत कळावे, ही त्यामागची तळमळ होती.

आज महाविद्यालयीन पथनाट्ये व्यसनमुक्ती, स्वच्छता, मतदान अशा विषयांभोवती फिरतात. विषय चांगलेच आहेत. पण प्रयोग बहुधा घोषणांतच संपतो. याच तरुणांच्या हाती ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा का देऊ नये? छोटे प्रसंग, बोलकी वाक्ये, जिवंत माणसे. पंधरा मिनिटांच्या प्रयोगास पडदा नको, प्रकाशयोजना नको.

यामुळे ग्रंथांचे पावित्र्य उणावेल, अशी शंका काहीजण घेतील. महानुभावांसाठी ‘लीळाचरित्र’ हा श्रद्धाग्रंथ आहे, त्या श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे. पथ्य एकच : अर्थ सोपा करावा, आशय पातळ करू नये. मूळ वाक्य किंवा ओवी जशीच्या तशी प्रेक्षकांच्या कानी पडावी आणि कोणत्याही पक्षाचा प्रचार तिच्या माथी मारू नये, आपल्या विचारांचाही नव्हे.

गणेशोत्सव मंडळे आणि गावोगावची वाचनालये यांनी हे काम अंगावर घ्यावे. चौकात प्रयोग व्हावा आणि प्रयोग संपताच तो ग्रंथ वाचनालयाच्या मेजावर हाती लागेल असा ठेवावा. दर्जा शासनाने दिला. वाचक मात्र समाजालाच घडवावे लागतील.