बरड जमिनीचा ताप

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आपण उष्माघाताची चिंता करतो. पायाखालच्या मातीलाही ताप चढतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

माती ही निर्जीव धूळ नव्हे. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र रोपाला मिळवून देतात. मुळांशी जोडलेली बुरशी स्फुरद पोहोचवते. उष्णता वाढली की, ओल असेपर्यंत सूक्ष्मजीव मातीतील सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपवतात. ओल गेली की त्यांपैकी अनेक निपचित पडतात किंवा मरतात. कर्ब घटला की पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते आणि कोरडी जमीन अधिकच तापते. त्यात पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळू लागला, तर उघड्या उतारावरचा वरचा थर ओढ्याला मिळतो. इंचभर माती तयार होण्यास शतके लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

परंतु हा ताप सर्वांना सारखा नाही. वर्धा-पैनगंगेच्या काठची खोल काळी जमीन पावसाचा खंड काही काळ सोसते. वीतभर खाली मुरूम लागणाऱ्या बरडावर पऱ्हाटी लवकरच माना टाकते. हे बरड कोणाच्या वाट्याला आले? इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही त्यांची मागणी होती. ज्यांना अशी जमीन मिळाली, त्यांच्या हाती बहुधा गावाने टाकून दिलेला माळच आला. म्हणून तापमानवाढीचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. हा केवळ निसर्गाचा कोप नव्हे. जुन्या विषम वाटपाचे ते नवे व्याज आहे.

डॉ. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना दाखवून दिले की, दोष केवळ क्षेत्राच्या लहानपणात नसून भांडवल व साधनांच्या अभावात आहे. आज त्या साधनांत बांधबंदिस्ती, शेततळे, शेणखत आणि धुऱ्यावरची झाडे यांचीही गणना करावी लागेल. पऱ्हाटी पेटवून देण्याऐवजी बारीक करून कुजवली, तर कर्ब मातीत परततो. परंतु ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला कर्ज आणि योजना दोन्ही दुरापास्त. उद्या अतिक्रमण म्हणून हुसकावले जाण्याचे भय असताना तो दहा वर्षांनी सावली देणारे झाड कशासाठी लावील? म्हणून मातीच्या संवर्धनाची पहिली पायरी कसणाऱ्याचा हक्क हीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या वावरातील मूठभर माती हातात घ्या. तिच्यात गांडूळ आहे का, ओल आहे का, ते पाहा. आणि ते वावर कोणाच्या नावावर आहे, हेही वडीलधाऱ्यांना विचारा. हे दोन्ही प्रश्न एकाच मातीचे आहेत.