निर्णय फांशाचा कीं खेळाडूचा?

चारसहा जणांनीं एकत्र बसून एकेका पात्राचें सोंग घ्यावें, सूत्रधारानें प्रसंग सांगून ‘आतां काय करतां?’ असें विचारावें, आणि जेथें संशय येईल तेथें फांसा टाकावा, असा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला, तेव्हांपासून तो रूढ झाला. असा खेळ मराठींत रचण्याची गोष्ट निघतांच आमचे स्वाभिमानी गृहस्थ म्हणतात, ‘त्यांत नवें तें काय? आमचा मोक्षपट होताच कीं!’ हा अभिमान गोड आहे. परंतु त्यावर खेळाचे मूलनियम उभारणें आम्हांस घातक वाटतें.

मोक्षपटांत शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा, आणि कवड्यांचें दान पडेल तितकीं घरें चालावयाचें. क्रोधाच्या सापानें ज्याला गिळलें, त्यानें राग धरला होता कोणावर? दयेची शिडी जो चढला, त्यानें दया केली कोणावर? उपदेश सारा पटावर रंगविलेला. नियमांत त्याचा मागमूस नाहीं. नियम शिकवितो तो एवढेंच कीं, सदाचार हा कवड्यांचा प्रसाद आहे!

नियमाची परीक्षाच पाहावयाची तर घनसावंगीस चला. त्याच तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. ‘सावधान’ शब्द कानीं पडतांच नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रांत पोराबाळांसही ठाऊक आहे. समजा, घनसावंगीच्या एखाद्या ओसरीवर हाच प्रसंग खेळांत आला. ‘पळावें कीं राहावें, टाक फांसा,’ असें सूत्रधार म्हणाला कीं खेळ तेथेंच मेला. नारायणाचें सोंग घेणाऱ्यास मग उरलें काय? फांसा टाकावयाचा तो त्यानें ‘मी निघालों’ म्हटल्यानंतर. मंडपाबाहेर पडतां येतें, कीं कोणी वऱ्हाडी मनगट धरतो, एवढ्यापुरताच. रायस्विट्झनें १८२४ सालीं प्रशियन सैन्यासाठीं रचलेल्या युद्धखेळांतही गोळीबाराचा परिणाम फांशावर होता. हुकूम देणें अधिकाऱ्याकडेच होतें.

यानें सारें खेळाडूच्या लहरीवर जाईल, अशी भीति कोणी घालील. ती व्यर्थ आहे. दान उलटें पडून नारायण धरला गेलाच, तर अंतरपाटापुढें परत उभें राहून आईस काय सांगावयाचें, हें त्याचें त्यालाच ठरवावें लागेल. आणि तेथें सूत्रधारानें फांसा मुठींत झांकून गप्प बसावें.